खंडेनवमीच्या बुलेटी

"कृष्णात, तू बिनघोर ऱ्हा. पाव्हण्यासमोर माझ्या तोंडातनं एक अक्षर जरी वाकडं गेलं, तर गॅरेजला कुलूप लावतो आन् मेंढरं राखतो!"

लालासाहेबांनी हे छाती ठोकून सांगितलं. आता छाती ठोकणं ही त्यांची जुनीच सवय. फौजेत गाड्या दुरुस्त करता करता हवालदार झाले, पेन्शन घेऊन तासगावला परतले आणि स्टँडमागं घराच्याच पडवीत 'जयहिंद गॅरेज' काढलं. नुसत्या आवाजावरून ते गाडीचं दुखणं सांगायचे. गाडी लांबच्या वळणावर असतानाच इकडं हात पुसायला घेत. असा माणूस दोन-चार शब्दांना काय भिणार?

पण कृष्णात भ्यालेला होता. कृष्णात म्हणजे लालासाहेबांचा मेव्हणा. कराडला टॅक्सी चालवायचा आणि येता-जाता सोयरिकी जुळवायचा. भाची शिवांजलीसाठी साताऱ्याचं स्थळ त्यानंच काढलं होतं. मुलगा जयराज वीज मंडळात नोकरीला, निर्व्यसनी, दिसायला राजबिंडा. शिवांजलीनं आजवर आलेला प्रत्येक फोटो आईच्या, म्हणजे रंगूबाईंच्या, हातात परत दिला होता. हा मात्र तिनं ठेवून घेतला. कुठं ठेवला, हे रंगूबाईंनी विचारलं नाही आणि लालासाहेबांना विचारू दिलं नाही. एकुलती एक लेक पहिल्यांदा हो म्हणत होती. हे स्थळ हातचं जाता कामा नये, एवढं एकच लालासाहेबांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

अडचण होती ती मुलाच्या बापाची. नानासो हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झाले होते, पण व्याकरण काही निवृत्त झालं नव्हतं. बगलेत कायम जाडजूड व्याकरणाचं पुस्तक.

"दाजी, पाटणला काय झालं ठावं हाय का?" कृष्णातनं आवाज खाली आणला. "पोरीचा बाप म्हनला, मोरीत दोन लाइफबॉया ठेवल्यात, हात धुवा. नानासो हात न धुताच उठलं! मेढ्याला चहासंगट कुनीतरी म्हनलं, 'अजून चार पारल्या घ्या.' संपलं. पोरगी बाहेर यायच्या आत ह्यांची गाडी घाटात."

"आसं हाय व्हय?" लालासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "मग आपन कंपनीचं नावच घ्यायचं न्हाई. साबन म्हनायचं. बिस्किट म्हनायचं. दंतमंजन म्हनायचं."

आणि घरात कवायत सुरू झाली. रंगूबाई चुलीपुढं बसून पुटपुटायच्या, "साबन, बिस्किट, दंतमंजन." एकदा चुकून त्या देवापुढंही तेच म्हणाल्या. शिवांजली ओढणीत तोंड लपवून हसायची.

पाहुणे यायचा दिवस ठरला खंडेनवमीचा. सुट्टीचा, शुभ दिवस. दुसऱ्या दिवशी दसरा, जमलं तर लगेच सुपारी फोडायची. नानासोंच्या घरी घट बसलेले, त्यामुळं बायकामंडळी घरीच राहणार आणि बाप-लेक दोघंच कृष्णातच्या अँबॅसिडरनं येणार होते.

खंडेनवमीला सकाळी लालासाहेबांनी रिवाजाप्रमाणं गॅरेजातली सगळी हत्यारं रॉकेलनं धुतली. पाने, पक्कडी, हातोडे, जॅक, झाडून सगळं पाटावर मांडलं. हळद-कुंकू, झेंडूची फुलं, नारळ. रंगूबाईंनी नैवेद्य दाखवला आणि बजावलं, "आता उद्या दसऱ्याची आरती हुईस्तोवर ह्यातल्या कशाला हात लावायचा न्हाई. खिळासुद्धा हलवायचा न्हाई."

"मला शिकीवतीस व्हय?" असं म्हणून लालासाहेब अंगणात आले, सहज वर बघितलं आणि जागीच थबकले.

गॅरेजवर बोर्ड होता. स्वतःच्या हातानं, लाल रंगात, हातभर अक्षरांत रंगवलेला: 'येथे लुन्या, बुलेटी व राजदूत खात्रीशीर दुरुस्त करून मिळतील.' रोजचाच बोर्ड. रोजच्या वस्तूकडं कोण बघतं? सगळ्या घराची तोंडं धुऊन काढली आणि कपाळावरचं गोंदण तसंच राहिलं!

बोर्ड उतरवावा, तर हातोडा पूजेत. पक्कड पूजेत. शेजारच्या सुताराकडं धावले, तर त्याची पटाशीसुद्धा पाटावर कुंकू लावून बसलेली. लोहाराची भट्टी थंड. सगळ्या तासगावात त्या दिवशी एक खिळा उपटायची सोय नव्हती. शेवटी झेंडूच्या जाडजूड माळा केल्या आणि बोर्डावर अशा लोंबत सोडल्या की अक्षर दिसू नये. बांधल्या मात्र साध्या दोऱ्यानं.

दुपारी गाडी आली. वळणावरूनच लालासाहेबांनी कान टवकारला. 'इंजन अडखळतंय. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटवर काजळी धरलीय.' पण आज तो विषय नव्हता. हात जोडून ते पुढं झाले.

नानासो उतरले. धोतर, काळी टोपी. मागून जयराज वडिलांच्या पुस्तकाची पिशवी घेऊन. नानासोंनी दारात पाऊल टाकलं आणि वरचा दोरा तुटला! माळ थेट त्यांच्या गळ्यात पडली.

"वा!" नानासो खूश झाले. "स्वागताची ही तऱ्हा नवीन आहे हो." आणि एवढा मान कुठून आला, हे बघायला त्यांनी मान वर केली.

वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलत गेला. कृष्णातनं गाडीच्या आड जाऊन डोळे मिटले.

"लालासाहेब, हे काय आहे?"

"बोर्ड हाय."

"बोर्ड आहे ते मला दिसतंय. लुन्या? बुलेटी? अहो, ही विशेषनामं आहेत. विशेषनामाचं अनेकवचन होत नाही!"

इथं लालासाहेबांनी 'चुकलं गुरुजी' म्हणायचं होतं. कृष्णात खुणा करत होता, रंगूबाई दारातून डोळे वटारत होत्या. पण तो बोर्ड त्यांनी स्वतः रंगवला होता. माणूस मुलीसाठी साबणाला साबण म्हणेल, पण स्वतःच्या बोर्डाला चूक म्हणेल का?

"न्हाई होत? मग रस्त्यानं चार बुलेटी गेल्या तर काय म्हनायचं? बुलेट, बुलेट, बुलेट, बुलेट?"

"चार बुलेट गाड्या म्हणायचं."

"आन् तुमच्या वर्गात दोन जयराज आसलं तर? जयराज पोरं म्हनायचं?"

जयराजला हसू आलं. नानासोंनी वळून बघताच ते गेलं.

एव्हाना रस्त्यावरची माणसं थांबायला लागली होती. बेदाण्याच्या शेडवरून येणारा एकजण लुना उभी करून म्हणाला, "आमी लुन्याच म्हनतो बा." दुसरा म्हणाला, "आमच्याकडं लुनाच. एक काय आन् धा काय." तिसऱ्यानं बुलेटा असतं असं ठासून सांगितलं, कारण वेळ-वेळा. त्याला कुणीतरी भिंत-भिंती फेकून मारली. ट्रॅक्टर थांबला. एसटी थांबली. ड्रायव्हरनं खिडकीतून मत दिलं, कंडक्टरनं त्याच्या विरुद्ध दिलं आणि प्रवाशांत दोन तट पडले.

"आणि हा राजदूत पुल्लिंगी आहे," नानासो गरजले. "तो राजदूत! तुम्ही लोक 'ती राजदूत' म्हणता!"

"आवं गुरुजी, 'माझा राजदूत पंक्चर झाला' आसं म्हनलं तर लोकं दिल्लीला फोन लावतील!"

सगळा रस्ता हसला. हसले नाहीत ते एकटे नानासो. लालासाहेबांना फार आनंद झाला आणि तो आनंद अर्धं मिनिटसुद्धा टिकला नाही. कारण समोरचा माणूस मुलीचा सासरा व्हायचा होता, आणि तो लालबुंद झाला होता.

"कृष्णात, गाडी काढा. ज्या घरात भाषेचे असे हाल, तिथं माझ्या मुलाची सोयरीक नाही."

ते जाऊन गाडीत बसले. जयराज खाली मान घालून शेजारी बसला. खिडकीच्या फटीत शिवांजली उभी होती. तिचा चेहरा लालासाहेबांना दिसला आणि त्यांची छाती, जी ठोकायला सदा तयार असायची, ती एकदम रिकामी झाली. काय करून बसलो आपण!

कृष्णातनं चावी फिरवली. गाडी खोकली. पुन्हा फिरवली. पुन्हा खोकली आणि गप्प.

"आता तुमच्या ह्या खात्रीशीर गॅरेजात दुरुस्त करून मिळेल का?" नानासोंनी खिडकीतून विचारलं.

लालासाहेबांना ते झोंबलं. पॉइंट साफ केला की गाडी सुरू. हत्यारं पूजेत असली, तरी त्यांच्या खाकी पँटीच्या खिशात एक बोटभर स्क्रूड्रायव्हर कायम असायचा आणि सकाळच्या गडबडीत तो तिथंच राहिला होता. हात खिशात गेला. बोटांना तो लागलासुद्धा. सगळा रस्ता बघतोय. खात्रीशीर म्हणजे काय, ते या मास्तराला दाखवावं की नको?

पण गाडी सुरू झाली की लेकीचं स्थळ गेलं. आयुष्यात पहिल्यांदा लालासाहेबांनी रिकामा हात खिशाबाहेर काढला.

"न्हाई जमायचं गुरुजी," ते पडेल आवाजात म्हणाले. "खंडेनवमी हाय. हत्याराला हात लावता येत न्हाई. उद्या आरती झाली की करतो. तवर ऱ्हावा."

लोकांत कुजबुज झाली. लालासाहेब आणि न्हाई जमायचं? केवढा त्याग होता तो, पण कुणाला सांगायची सोय नव्हती. आता रात्रीला पुरणपोळी होईल, नानासो निवळतील, पोरं एकमेकांना बघतील. त्यांनी मनातल्या मनात देवीला हात जोडले.

तेवढ्यात घरातून शिवांजली तरातरा बाहेर आली. हातात काडेपेटी.

"आबा, इसरला व्हय? हत्यार कशाला लागतंय?" तिनं बॉनेट उघडायला लावलं, डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाच्या दोन क्लिपा अंगठ्यानं मागं सारल्या आणि काडेपेटीची खरखरीत बाजू फाडून पॉइंटवर घासली. "मिलिट्रीत आसंच करत हुतो म्हनून तुमीच तर शिकीवलंय."

लालासाहेब डोळ्यांनी तिला थांबवायचा जिवापाड प्रयत्न करत होते. तिला वाटलं, आबांच्या डोळ्यात कचरा गेला. पाहुण्यांसमोर बापाची लाज जाऊ नये, एवढंच बिचारीच्या मनात होतं.

"फिरवा मामा चावी."

गाडी सुरू झाली. एसटीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. जयराज गाडीतून उतरून शिवांजलीकडं बघत उभा राहिला आणि बघतच राहिला. लालासाहेबांना मात्र रडू फुटायचं बाकी होतं.

नानासोही क्षणभर बघत राहिले. मग त्यांनी मान झटकली. "पोर हुशार आहे, पण तत्त्व म्हणजे तत्त्व. जयराज, पिशवीतलं पुस्तक काढ. जाण्यापूर्वी या मंडळींना नियम वाचूनच दाखवतो."

जयराजनं पिशवी चाचपली. "नाही त्यात."

"नाही? मग कुठं गेलं?"

रंगूबाई पदर सावरत पुढं आल्या. "पुस्तक व्हय? ते पूजेत हाय."

सगळ्यांनी आत बघितलं. पाटावर, पाने आणि पक्कडींच्या मधोमध, झेंडूच्या ढिगाखाली, नानासोंच्या खुणेच्या पानावर उघडलेलं व्याकरणाचं पुस्तक विराजमान होतं. वर हळद, कुंकू, अक्षता आणि मोठा पाना.

"अहो, द्या ते इकडे!"

"आसं कसं? पूजेतलं उद्या आरतीबिगर काढायचं न्हाई. तुमच्या घरी काढतात व्हय?"

जन्मभर नानासोंनी पोरांकडून पाटीपूजन करून घेतलं होतं. पूजेतलं पुस्तक उचलायचं कसं? आणि पुस्तक सोडून जायचं कसं? पोटचं पोर परक्या घरी ठेवतील, पण ते पुस्तक ठेवणार नाहीत! त्यांनी कृष्णातला गाडी बंद करायला सांगितलं.

रात्री पुरणपोळी झाली. दूध, तूप आणि कटाची आमटी. नानासो निवळले. शिवांजलीनं वाढताना एकदाही कंपनीचं नाव घेतलं नाही. जयराजनं चौथी पोळी घेतली ती भुकेसाठी नव्हे, हे रंगूबाईंच्या लक्षात आलं.

दसऱ्याला आरती झाली. नानासोंनी पुस्तकाला नमस्कार केला, चष्मा लावला आणि कालची सगळी गर्दी अंगणात जमलेली बघून खड्या आवाजात वाचलं, "विशेषनामाचे अनेकवचन होत नाही. मात्र..."

ते थांबले. 'मात्र'च्या पुढं पानावर हळद-कुंकवाचा लगदा आणि धुतलेल्या पान्याच्या खाचेतून झिरपलेलं काळं ऑइल. एक अक्षर दिसत नव्हतं.

"मात्र काय?" गर्दी ओरडली.

नानासोंनी पान उजेडात धरलं, वास घेतला, पुन्हा धरलं. "आठवत नाही," ते हळूच म्हणाले. आणि मग त्यांनाच हसू फुटलं. एवढं की टोपी खाली पडली. हसता हसताच त्यांनी लालासाहेबांच्या हातात आपट्याची पानं दिली आणि मिठी मारली. दुपारी सुपारी फुटली.

संध्याकाळी निघताना जयराजनं लालासाहेबांना बाजूला घेतलं. "मामा, एक सांगू? पुस्तक पूजेत मीच ठेवलं. तुमचा वाद चालू होता तेव्हा मामींच्या हातात नेऊन दिलं. मला पाटणसारखं परत जायचं नव्हतं."

लालासाहेब गहिवरले. भावी जावयानं एवढं मन मोकळं केल्यावर आपण मागं कसं राहायचं? त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून तळहातावर ठेवला. "मग माझंबी ऐका. ह्यो काल माझ्या खिशातच हुता."

मागून आवाज आला, "काय हुतं खिशात?"

रंगूबाई निरोपाचं कुंकू घेऊन उभ्या होत्या. त्यांनी स्क्रूड्रायव्हर बघितला. त्यावर ना हळद, ना कुंकू. त्यांनी जयराजला कुंकू लावलं आणि लालासाहेबांच्या खिशाकडं एकदा निरखून बघितलं.

लग्न थाटात झालं. पुढच्या वर्षी खंडेनवमीला जावई, लेक आणि व्याही पहिल्यांदा सणाला आले. दारात स्वागताला लालासाहेब हात जोडून उभे होते. अंगात इस्त्रीचा शर्ट आणि कमरेला टॉवेल. रंगूबाईंनी यंदा खिसे तपासायच्या भानगडीतच न पडता, त्यांच्या सगळ्या पँटा पूजेत मांडल्या होत्या.