बटण नसलेलं सुरक्षित यंत्र

पुठ्ठा कापणाऱ्या यंत्राने माणूस कापू नये, अशी सरकारची तीव्र इच्छा होती. म्हणून सरकारने मालकीणबाईंच्या खोक्यांच्या कारखान्यात एक तपासनीस धाडला.

यंत्र त्यांची सून चालवायची. पात्याशेजारी लाल बटण होतं. त्यावर थाप मारली की यंत्र जागच्या जागी गप्प. इतकं सांगितल्यासरशी ऐकणारं त्या घरात दुसरं कोणी नव्हतं, मुलगा धरून.

तपासनीसाने पात्याकडे ढुंकून पाहिलं नाही. बटणासमोर उकिडवा बसला आणि खिशातून भिंग काढलं.

"यावर मानांकनाचा शिक्का नाही."

"पण यंत्र थांबवतंय की! दाबून बघा," मालकीणबाई म्हणाल्या.

"दाबणं माझ्या अखत्यारीत येत नाही. वीज किती?"

"चोवीस व्होल्ट," मुलगा म्हणाला.

"म्हणजे कमी दाबाचा घटक. त्याचे नियम फार कडक."

"चिमटासुद्धा बसत नाही हो त्याचा!"

"बसला असता तर दुसरं खातं आलं असतं. शिक्क्याचं बटण मागवा. वर्षभरात येईल."

"आणि तोवर?"

"तोवर हे काढा. अप्रमाणित घटक यंत्रावर असणं गुन्हा आहे. नसलेल्या घटकाला प्रमाणपत्र लागत नाही."

"अहो, ब्रेक जुने झाले म्हणून उपटून फेकायचे आणि गाडी हाकायची?"

"गाड्या आमच्याकडे नाहीत."

मुलगा कानाशी लागला, "आई, वाद नको. प्रमाणपत्र नसेल तर मोठी गिऱ्हाइकं फिरकायची नाहीत."

सून म्हणाली, "पण आई, अडलं तर मी हात मारू कुठे?"

"कपाळावर!" मालकीणबाई खेकसल्या. लगेच जीभ चावली. पण आईचा होकार समजून मुलाने पेचकस आणलासुद्धा. बटण निघालं. भोकात पुठ्ठ्याची गुंडाळी बसली. 'यंत्रावर एकही असुरक्षित घटक नाही' असं प्रमाणपत्र मिळालं, आणि ते खरं होतं.

मग एका दुपारी सुनेची बाही पात्याखाली ओढली गेली. तिचा दुसरा हात सवयीने बटणाच्या जागी आदळला, पुन्हा आदळला. मालकीणबाई ओरडत दारापाशी धावल्या, मेन स्विच पाडला. तोवर दोन बोटं गेली होती.

तपासनीस पुन्हा आला. भिंग पुन्हा निघालं.

"यंत्र निर्दोष आहे. सगळे घटक प्रमाणित. सूनबाईंच्या हाताला शिक्का होता का?"

मालकीणबाईंनी त्याच्या गालावर एक सणसणीत शिक्का उमटवला. आणि मुलाच्या हातातून पेचकस हिसकावून जुनं बटण स्वतः जागेवर बसवलं. त्याच संध्याकाळी प्रमाणपत्र रद्द झालं. गिऱ्हाइकं पलीकडच्या कारखान्यात गेली. तिथल्या यंत्राला बटणच नाही, त्यामुळे कागदपत्रं अगदी चोख आहेत. पात्याशी कोणाची तरी लेक उभी असते.

माल मात्र देखणा येतो. प्रत्येक खोक्यावर 'सुरक्षित उत्पादन' असा हिरवा शिक्का असतो. तुमच्या दाराशी परवा आलं, त्यावरही होता. तो पाहून किती निर्धास्त झालात तुम्ही!