बादलीतला समुद्र

नागपूरपासून समुद्र किती लांब आहे हे शाळेत भूगोलाला शिकवतात. आमच्या आळीत मात्र तो वामनराव धकात्यांच्या अंगणात, जस्ताच्या बादलीत होता. रोज सकाळी वामनराव त्यात मूठभर खडेमीठ टाकत, हातानं ढवळत, बोट चाटून पाहत आणि "फिका हाये अजून" म्हणून आणखी चिमूटभर सोडत. समुद्राची चव त्यांना कशी ठाऊक, हे विचारायची सोय नव्हती. त्यांनी जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता.

त्या बादलीत ते मासेमारीची रिळं बुडवून ठेवत. रीळ म्हणजे गळाच्या काठीवरचं, दोरा गुंडाळायचं यंत्र. कामठीच्या जुन्या बाजारात छावणीतल्या साहेबलोकांचं सामान विकायला येई, तिथून त्यांनी अशी तीन पैदा केली होती. तीन दिवस खाऱ्या पाण्यात, तीन दिवस उन्हात, अशी त्यांची परीक्षा चाले. एकाला आठवड्यातच गंज चढला. "हे तलावाचंच," म्हणत वामनरावांनी ते दाराला अडकण म्हणून लावून टाकलं.

उरलेल्या दोघांवर ते तासभर सहज बोलत. एकाची गुंडाळी जागची हलत नसे, दोरा नुसता सळसळत सुटे. दुसऱ्याची गुंडाळीच गरगर फिरे आणि तिच्यावर अंगठा ठेवून वेग आवरावा लागे, नाहीतर गुंता ठरलेला.

"हे पयलं घाईच्या मानसाचं. फेकलं, ओढलं, झालं. दुसऱ्याले अंगठा पायजे गा! रीळ चांगलं का वाईट हे इचारू नको. हात कोनाचा, ते इचार."

'हात कोनाचा?' हा त्यांचा सगळ्याच बाबतीतला सवाल होता. मी सायकल घ्यायला निघालो तेव्हाही त्यांनी तोच विचारला आणि माझे तळवे उलटेसुलटे करून पाहिले.

वामनराव जातिवंत विणकर. माग बंद पडल्यावर सुताच्या दुकानात नोकरीला लागले, पण दोरा म्हटला की हात शिवशिवत. एकदा नवाकोरा नायलॉनचा दोरा आणला. कोरा दोरा वापरायचा कसा? त्यांनी त्याला मागावरच्या सुताला करतात तशी रीतसर पाजणी केली. भाताची खळ लावली, कुंचा फिरवला, वाळवला. मग आम्ही अंबाझरीला गेलो. पाण्यात खळ सुटली आणि तलावातले झाडून सगळे बारके मासे दोऱ्याभोवती पंगतीला बसले. गळाकडे एकानं ढुंकून पाहिलं नाही.

"खळ मात्र झकास जमली होती," परतताना वामनराव समाधानानं म्हणाले. या माणसाचा मला हेवा वाटतो, तो अशा वेळी.

शेवटी एकदा मी विचारलंच, "काहून एवढी खटपट, वामनराव? इथं समुद्र कुठं हाये?"

ते बादली ढवळू लागले. स्वयंपाकघरातून उत्तर दिलं ते त्यांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, "जावयासाठी करून राहिले गा. पन त्याले जावई म्हनायले जीभ रेटत नाही."

शकू ही त्यांची एकुलती एक. लहानपणी मागाजवळ बसून इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातल्या कांड्यांवर सूत भरायची, अंगठ्यानं दोरा असा दाबून की एक वेढा सैल नसे. पाच वर्षांपूर्वी तिनं कोराडीच्या वीजकेंद्रात कामावर आलेल्या मालवणच्या मुलाशी, जातीबाहेर लग्न केलं आणि त्याच्या गावी गेली. वामनराव लग्नाला गेले नाहीत. तिची पत्रं काकू मोठ्यानं वाचत आणि वामनराव भिंतीकडे तोंड करून ऐकत. एका पत्रात होतं, 'हे रविवारी धक्क्यावर गळ टाकून बसतात.' दुसऱ्या दिवशी अंगणात बादली आली.

आता फक्त हात कळायचा राहिला होता. वामनरावांनी पाच वर्षांत पहिल्यांदा लेकीला कार्ड लिहिलं. खुशाली नाही, आशीर्वाद नाही. एकच ओळ: 'गुंता झाला तर तुझे यजमान दोरा तोडतात की सोडवतात, हे कळवणे.'

कार्ड पेटीत पडलं. लेक उत्तर देईल की नाही, याची धास्ती त्यांच्या तोंडावर दिसत होती. पोस्टमनची वेळ झाली की ते उगाच अंगण झाडत.

बाराव्या दिवशी पत्र आलं. काकूंनी वाचलं: 'बाबा, हे सरळ तोडतात. सोडवत मी बसते. आता तर अर्धा वेळ काठी माझ्याच हातात असते. कांड्या भरलेला अंगठा आहे, अजून विसरला नाही.'

पत्र देवापाशी ठेवून काकू पोळ्या लाटायला आत गेल्या. वामनराव उठले, दोन्ही रिळं धोतराच्या सोग्यानं पुसली आणि माझ्यासमोर ठेवली.

"हे फिरतं शकूले. अन्‌ हे..." ते थांबले. "हे जावयाले."

आतला पोळपाट वाजायचा थांबला. पिठाच्या हातांनी काकू दारात आल्या. "काय म्हनलं तुमी?"

वामनराव रिळं फडक्यात बांधू लागले. मी पार्सल शिवून देऊ का, असं विचारलं तर एकदम खेकसले, "पार्सल कायले? हात पायल्याबिगर रीळ देत असतेत का? आमी दोघंई मालवनले जाऊन राहिलो."

आणि बादली उचलून त्यांनी तो समुद्र रस्त्यावर ओतून टाकला.