पत्ता असलेली पळी

आमच्या बाभुळगावात कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरा, ‘पुंडलिक, मारुतीच्या देवळामागे, वापस आणावे’ असं कोरलेलं एखादं भांडं सापडेलच. चमच्यावरसुद्धा पूर्ण पत्ता. जागा पुरत नाही म्हणून मारुती दांड्यावर आणि ‘वापस आणावे’ मागच्या बाजूला.

पुंडलिककाका पूर्वी जिनिंगच्या यंत्रांना पितळी पाट्या करून देत. पुढे कापसाचे दिवस फिरले, एकेका जिनिंगला कुलूप लागलं आणि काकांकडे उरलं पाट्यांवर अक्षरं कोरायच्या फेरिक क्लोराइडचं पिंप. ते काही टाकवेना, म्हणून त्यांनी घरातल्या भांड्यांकडे मोर्चा वळवला. काकू हयात असत्या तर त्यांनी तो दारातूनच परतवला असता.

काम बघायला मजा येई. भांड्यावर डांबराचा हात मारायचा, वाळलं की सुईने अक्षरं खरवडायची आणि प्लास्टिकच्या टबात, कोऱ्या चहासारख्या दिसणाऱ्या त्या पाण्यात बुडवून ठेवायचं. जिथे डांबर खरवडलं तिथलं पितळ ते पाणी हळूहळू खातं, बाकीचं शाबूत राहतं. वेळेवर काढून धुतलं की अक्षरं छान खोल बसलेली. “जेवढं उघडं, तेवढंच खाते,” काका म्हणत. हे वाक्य त्यांना कुठेही चाले. मी थंडीत मफलर न घालता दिसलो तरी तेच, आणि उमेदवार भाषणाला उभा राहिला तरी तेच.

सगळी मेख वेळेत होती. काकांचा हात पक्का, पण तोंडही तसंच. कुणी गप्पांना बसलं की भांडं पाण्यातच राही. अशी एक पळी त्यांनी मला दिली. घरी पाहुण्यांना वाढताना वरण ‘पुंडलिक’मधून गळू लागलं आणि ताटापर्यंत पोचेतो पळीत फक्त लसूण उरला. तक्रार घेऊन गेलो, तर काका म्हणाले, तुमचं वरणच पातळ.

एके काळी लग्नसराईत त्यांची मोठी पातेली गावभर फिरत. पण कापसाचे दिवस फिरल्यावर लोक देवळात चार माणसं बोलावून लग्नं उरकू लागले आणि पातेलं मागायला कुणी येईना. तेव्हा काकांनीच भांडी लोकांच्या गळ्यात मारायला सुरुवात केली. रस्त्यात अडवून म्हणायचे, किसणी घेऊन जाय बाप्पा, कामी पडते. मी पेपर वाचायला जाई आणि झारा घेऊन परत येई.

दिवाळीच्या साफसफाईत बायकोने त्यांची सगळी भांडी घासूनपुसून पिशवीत भरली. मी ऐटीत नेऊन दिली. काकांनी एकेक काढून ओट्यावर मांडली. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

“सगळंच आनलं?”

“सगळं.”

ते रिकामी पिशवी झटकत राहिले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, “मंग आता इकडं कायले येशीन तू?”

भांड्यांची त्यांना कधीच पर्वा नव्हती. कुणीतरी दाराची कडी वाजवावी, एवढंच हवं होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, “काका, एक पळी पाहिजे होती. न गळणारी.”

ते उठलेच. डांबर लावलेली एक पळी तयारच होती. सुईने तिच्यावर नाव काढलं, पळी टबात सोडली आणि चहा ठेवला. घड्याळ समोरच्या भिंतीवर होतं. गप्पा रंगल्या. पळी काढायची वेळ झाली. काकांनी घड्याळाकडे पाहिलं, मीही पाहिलं. मग त्यांनी काकूंनी एकदा खारट केलेल्या श्रीखंडाची गोष्ट काढली. ती मी कितीदा तरी ऐकली होती, तरी म्हणालो, “मग?”

संध्याकाळी पळी बाहेर निघाली. ‘पुंडलिक’मधून अंगणातली तुळस दिसत होती.

“हे तं गेली,” काका म्हणाले.

“उद्या दुसरी करू.”

काकांनी खुंटीवरची दुसरी पळी काढली आणि उद्यापर्यंत वाळावी म्हणून तिला तेव्हाच डांबर फासलं.