आत्यासाहेबांचा सुळा आणि अकरा वीसची वेळ

ऐकणाराने मुखपट्टी नाकावर ओढावी, लिहिणारापासून सहा फूट हटून बसावे आणि मग ही हकिकत चित्त देऊन ऐकावी. साथीचे पहिले साल. पृथ्वीवर ऐसे संकट आले की दरबार बंद, बाजार बंद, सखा सख्यास पाहून रस्ता बदली, आणि जो तो हात धुऊन आपल्याच हाताच्या मागे लागला. त्या काळच्या मोठ्यांच्या गोष्टी मोठ्यांनी लिहून ठेविल्या आहेत. परंतु एका दातासाठी एका घराने जी मोहीम मांडली, जीत पराक्रम थोडा, धीर फार आणि घोळ त्याहून फार, ती कोणी लिहिली नाही. सबब ही लेखणी.

घर तीन माणसांचे. खासा मालक वजनमापे खात्यात तपासनीस. दुकानोदुकानी जाऊन तराजू पाहावे, मापे पाहावी, गुंजभर खोट दिसली तरी शिक्का नाकारावा, ऐसा बावीस वर्षांचा रिवाज. आणि म्हणोन आळीने त्यांस किताब बहाल केला, अचूकराव. त्यांच्या कुटुंबास या कागदी सूनबाई म्हटले आहे, कारण घरची मुख्य गादी आत्यासाहेबांची आणि नाती तेथूनच मोजावयाची. आत्यासाहेब म्हणजे अचूकरावांच्या वडिलांची थोरली बहीण. शिवणकामावर हयात काढिली, आपला संसार मांडिला नाही आणि आईवेगळा भाचा पोटच्यासारखा वाढविला. त्यांचे शस्त्रागारी शिवणयंत्र एक आणि कात्र्या चार. परंतु धागा तोडण्यास कात्री उचलणे त्या कमीपणा समजत. टाका संपला की मान डावीकडे कलती करावी, धागा सुळ्याखाली घ्यावा आणि कट् करून तोडावा. चाळीस वर्षे त्या सुळ्याने ही चाकरी केली आणि कधी रजा मागितली नाही.

मग साथ आली आणि आत्यासाहेबांनी प्रण केला की आळीत एकही नाक उघडे दिसता कामा नये. मुखपट्ट्या शिवण्याचे काम अहोरात्र चालले. दुकाने बंद, सुती रिळे सरली, आणि मग पिशव्या शिवण्याचा नायलॉनचा दोर यंत्रास लाविला. तो दोर सुळ्याखाली घेतला आणि आवाज आला खरा, परंतु दोर साबूत राहिला आणि सुळा चिरला. ऐसा तो जुना चाकर धारातीर्थी पडला.

तिसरे दिवशी गाल फुगला, चौथे दिवशी ताप चढला. तो ताप दाताचा की साथीचा, हे कोणी सांगावे? तेव्हा आत्यासाहेबांनी स्वतःच हुकूम सोडिला की मागल्या खोलीत आमचा मुक्काम पडेल, जेवण दारापाशी स्टुलावर ठेवावे आणि कडी बाहेरून लावावी, कारण आतून लाविली तर सूनबाई आर्जवे करील आणि आमच्याने उघडल्यावाचून राहवणार नाही. तपासणी करविली. अहवाल आला, साथ नाही. घरात आनंद होणार, तोच अचूकराव गंभीर होऊन वदले की कोणतेही यंत्र निर्दोष नसते, या तपासणीतही शंभरांत काही चुकतातच. सबब ताप उतरेतो कडी राहील. जन्मभर जे खरे मानिले तेच आडवे आले. आणि दाराआडून पहिले काही दिवस ओवी ऐकू येई,

ठणक पाहुणी, आली सांगाव्यावाचून
गालात बसली गं, पाय ऐसपैस पसरून

मग पुढे पुढे ओवी लहान झाली, मग नुसता हुंकार राहिला, आणि नववे दिवशी तोही थांबला. स्टुलावरची पातळ पेज जशीच्या तशी परत येऊ लागली. सूनबाई दाराला कान लावून उभ्या राहत आणि आतून श्वास ऐकू आला की परत फिरत. तेव्हा उभयतांनी मसलत केली की दात निघेल तर ताप निघेल, ताप निघेल तर कडी निघेल. सबब दंतदुर्गावर चालून जावे.

दंतदुर्ग म्हणजे चार रस्ते पलीकडे, एका इमारतीच्या तळमजल्यावरील दाताचा दवाखाना. शहरातील बाकी दवाखान्यांस टाळे. हा एकच उघडा, आणि तोही रोज चार माणसांपुरता. प्रवेश केवळ फोनवर वेळ घेतलेल्यास, आणि फोन सकाळी दहा ते अकरा. फोनावर जी बाई तैनात होती तिच्या हुकमावाचून दाढ तर सोडाच, दाताची काडीही आत जात नसे. म्हणोन या कागदी तीस किल्लेदारीण म्हटले आहे.

पहिली चढाई अचूकरावांनी केली. दहाच्या ठोक्यास फोन लाविला, व्यस्त. पुन्हा लाविला, व्यस्त. ऐसे एक्केचाळीस हल्ले माघारी फिरले आणि बेचाळिसावा लागला. किल्लेदारणीने नाव, वय, दुखणे पुसिले आणि मग तो प्रश्न टाकिला ज्यावर भले भले रणी पडले आहेत. पुढील संभाषण जसे घडले तसेच उतरिले आहे.

"पेशंटला ताप आहे?"

"सकाळी सहाला शंभर पॉइंट चार. साडेनवाला शंभर पॉइंट दोन. काखेत घेतलाय हं. तोंडात घेतला असता तर आणखी थोडा भरला असता."

"म्हणजे आहे."

"आहे तर! रोजचा तक्ता आहे माझ्याकडे. पाठवू?"

तक्ता पाठवू नये, ताप उतरून चौदा दिवस झाल्यावाचून फोनही करू नये, ऐसे फर्मान सुटले आणि फोन बंद जाहला. सूनबाई चुलीपाशी उभ्या होत्या. त्यांनी हातातला डाव खाली ठेविला.

"अहो, ती बाई ताप आहे का विचारत होती. तुम्ही हवामानाच्या बातम्या का दिल्यात?"

"विचारलं, म्हणून सांगितलं."

"माझ्या आईनं तुमची उंची विचारली होती, तेव्हाही चपला काढून भिंतीला टेकून उभे राहिलात. मी तेव्हाच समजायला हवं होतं!"

दुसऱ्या चढाईचे आधिपत्य सूनबाईंनी आपणांकडे घेतले. त्यांनी दोन फोन जुंपिले, एक उजव्या कानी, एक डाव्या. आणि तीन दिवस हार खाऊन चवथे दिवशी डावा फोन लागला. परंतु त्यांनी दाताचे नावही काढिले नाही. प्रथम पुसिले, "ताई, आवाज का हो बसलाय तुमचा? दिवसभर बोलावं लागत असेल ना?" हे ऐकताच तटाचा एक चिरा निखळला. किल्लेदारीण म्हणाली की तीन महिन्यांत हे कोणी विचारले नाही, जो तो आपलीच दाढ सांगतो, आणि मुखपट्टीच्या दोरीने कानामागे जखम जाहली आहे. त्यावर सूनबाई वदल्या की आमच्या आत्याबाई मागे बटण असलेली पट्टी शिवतात, कानाला दोरी लागतच नाही, येताना घेऊन येते. मग दुसरा चिरा, मग तिसरा, आणि मग हळूच आतून शब्द आला की गुरुवारची अकरा वीसची वेळ एकाने सोडिली आहे.

"पण ताप नाही ना?"

सूनबाईंनी बंद दाराकडे पाहिले. "नाही हो," म्हणाल्या.

येथे लिहिणाराने दौत मिटिली, खिडकीबाहेर पाहिले आणि मग पुढे लिहिले.

त्या रात्री आणि दुसऱ्या रात्री अचूकराव जेवले नाहीत. खोटे वजन देणारास ज्यांनी भर बाजारात उभे केले, त्यांच्याच घरातून खोटे माप गेले, ऐसे ते बोलून दाखवीत. सूनबाईंनी कसम घातली की दवाखान्याच्या दारात तुम्ही तोंड उघडायचे नाही, आणि अचूकरावांनी मान हलविली. मान हलविणे म्हणजे कबूल करणे नव्हे, हे सूनबाईंस पंधरा वर्षांच्या संसारात कळावयास हवे होते.

गुरुवारी कूच जाहले. मागल्या खोलीची कडी निघाली आणि आत्यासाहेब सोळा दिवसांनी उन्हात आल्या. गाल सुजून कान झाकला गेलेला, केसांची जट जाहलेली, अंगावरचे पातळ सैल पडलेले. सूनबाईंनी हात पुढे केला तो त्यांनी नजरेनेच परतविला आणि भिंत धरून पायरी उतरल्या. मग पुढे आत्यासाहेब, सहा फुटांवर अचूकराव, आणखी सहा फुटांवर सूनबाई, ऐशी ती फौज रिकाम्या रस्त्याने चालिली, आणि खिडक्यांतून लोक पाहत, जशी मिरवणूक चालिली आहे आणि वाजंत्री तेवढी विसरली आहे.

दुर्गाच्या दारी जमिनीवर खडूची वर्तुळे. एकेकाने एकेका वर्तुळात उभे राहावे. दारात खुद्द किल्लेदारीण, हाती ताप मोजण्याची बंदूक. तिने ती आत्यासाहेबांच्या कपाळावर रोखिली आणि आकडा वाचिला, शहाण्णव पॉइंट एक. जा आत, ऐसा इशारा जाहला. आत्यासाहेबांनी उंबऱ्यावर पाऊल ठेविले. फत्ते हाताशी आली. आणि मागल्या वर्तुळातून घसा खाकरल्याचा आवाज आला.

एरवी ऐशा प्रसंगी सूनबाईंचे कोपर चाले आणि ते अचूक बसे. परंतु मध्ये सहा फूट. ते हत्यार पोचेना. त्यांनी डोळे वटारिले, ते अचूकरावांनी पाहिले, आणि तरीही मुखपट्टीतून शब्द निघाला.

"तुमचं यंत्र चुकतंय. निदान चार अंशांनी कमी दाखवतंय."

"काय?"

"आत्याला सकाळी शंभर पॉइंट सहा होता. स्वतःवर रोखून बघा."

किल्लेदारणीने बंदूक आपल्या कपाळास लाविली. ब्याण्णव पॉइंट आठ. तिचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे आठवडाभर मी…" ऐसे म्हणून ती थांबली. कारण हे नवे यंत्र आल्यापासून आठवडाभर तिने त्याच्याच भरवशावर माणसे आत सोडिली होती. मागच्या वर्तुळांतील लोक आणखी एकेक पाऊल मागे सरले. मग ती सूनबाईंकडे वळली. "तुम्ही तर म्हणालात ताप नाही म्हणून!" सूनबाईंच्या हातात बटणाच्या पट्ट्यांची पुडी होती, ती तशीच हातात राहिली. वेळ रद्द, घरी जावे, ऐसा हुकूम जाहला. आत्यासाहेबांनी उंबऱ्यावरचे पाऊल मागे घेतले आणि खाली बसल्या, त्या वर्तुळातच.

गलबला ऐकून आतून खासे दंतवैद्य आले. पायापासून डोक्यापर्यंत पांढरे कागदी कवच, वर पारदर्शक ढाल, आत घामाने चिंब झालेला एक थकलेला माणूस. सगळी हकिकत ऐकिली, अचूकरावांचा तक्ता मागविला, तपासणीचा अहवाल पाहिला, आणि मग दुरूनच टॉर्चचा झोत आत्यासाहेबांच्या गालावर टाकून मुखपट्टी क्षणभर खाली घेण्यास सांगितले.

"हा ताप दाताचाच आहे," ते म्हणाले. "आत पू झालाय. दात काढल्याशिवाय ताप जायचा नाही. आणि ताप गेल्याशिवाय दात काढायचा नाही, हा नियम माझाच." वर म्हणाले, "लिहिला तेव्हा बरा वाटला होता."

मग अचूकरावांकडे वळून म्हणाले, "तीन महिने दारात उभा राहणारा प्रत्येक जण ठणठणीत असतो. खरा आकडा सांगणारे तुम्हीच पहिले. आजींना सगळ्यांच्या शेवटी घेतो, खिडक्या उघड्या टाकून. एक वाजेल. थांबाल?"

थांबाल काय पुसता! अंगणात दोन बाक होते. एकावर आत्यासाहेब, दुसऱ्याच्या दोन टोकांस दोघे, आणि मध्ये सूनबाईंची पर्स. त्या नवऱ्याकडे पाहत नव्हत्या. बऱ्याच वेळाने पलीकडच्या बाकावरून, सुजल्या गालातून, अर्धे अर्धे शब्द आले.

"सूनबाई, त्याला बोल लावू नकोस गं. लहानपणी गिऱ्हाइकाचं कापड मोजताना टेप ओढून धरून एक इंच चोरला होता यानं. मीच हात सुजेस्तवर मारलं होतं."

"तुम्ही मारलंत आत्याबाई, आणि भोगतेय मी!"

"माझ्यासाठी तू खोटं बोललीस, तो खरं बोलला." आत्यासाहेबांनी दम घेतला. "एक फुटका दात. किती जणांना झिजवताय?"

हे ऐकून पर्स बाकावरून खाली आली आणि सूनबाई थोड्या अलीकडे सरल्या. किती सरल्या, हे अचूकरावांनीही मोजिले नाही.

एक वाजता आत बोलावणे आले. सोबत एकासच परवानगी, म्हणोन सूनबाई गेल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या. दंतवैद्यांनी सुई दिली, हिरडी बधिर केली, आणि डावा हात आत्यासाहेबांच्या गालाखाली आधारास लाविला, उजव्या हाती सांडशी. सुळा हलला, करकरला, आणि बाहेर आला. आत्यासाहेबांनी हूं की चूं केले नाही. परंतु डोळ्यांतून धार लागली आणि दोन्ही कानांपाशी ओघळली.

"दुखतंय का, आजी?"

त्यांनी मान हलविली, नाही. मग बधिर ओठांनी काहीबाही बोलल्या, ते दंतवैद्यांस कळले नाही. सूनबाईंस कळले, आणि त्यांनी दारातून सांगितले, "त्या म्हणतायत, हात तसाच राहू द्या जरा."

सोळा दिवसांत त्यांस कोणी हात लाविला नव्हता. दंतवैद्यांचे बाहेर दुसरे काम नव्हते. त्यांनी हात तसाच ठेविला.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, ती कायम दफ्तरी दाखल केली आहे, ती ऐशी. जिंकिला मुलूख, एक खोली, दहा फूट लांब, आठ फूट रुंद. शत्रूकडील पाडाव, सुळा एक, मुळासकट. आपलेकडील हानी, दवाखान्याची बंदूक एक, जी किल्लेदारणीने त्याच दिवशी कचऱ्यात टाकिली. बटणाच्या पट्ट्या मात्र तिने ठेवून घेतल्या. दुसरे दिवशी ताप नव्याण्णव, तिसरे दिवशी अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. ते अचूकरावांनी दोन काचेच्या थर्मामीटरांनी पडताळिले आणि दोन्ही जुळले. मग सूनबाई तेलाची वाटी आणि फणी घेऊन त्या खोलीत शिरल्या, आत्यासाहेबांच्या पाठीशी बसल्या आणि एकोणीस दिवसांची जट टोकाकडून सोडवू लागल्या. एक गाठ फणीत अडकली.

"अगं हळू! डोकं आहे ते, काथ्या नव्हे!" ऐसे आत्यासाहेब ओरडल्या.

दाराबाहेर अचूकराव वही घेऊन बसले होते. त्यांनी ही तक्रार वेळेसह टिपली, सकाळी नऊ वाजून सात मिनिटे, आणि खाली सही केली.