पाच फूट सात इंचांची सायकल

बिभीषणराव वाघमोड्यांची कंबर दोनच ठिकाणी दुखायची. एक, कचेरीतल्या खुर्चीत आणि दोन, सासुरवाडीच्या रस्त्यावर. खुर्चीचं दुखणं सरकारी असल्यामुळे त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. सासुरवाडीची मात्र होती. मोहोळच्या अलीकडे हायवे सोडला की सासऱ्यांच्या वस्तीपर्यंत सहा किलोमीटर नुसता दगडाळ माळ. त्या वाटेला रस्ता म्हणायची पद्धत फक्त निवडणुकीपुरती होती. स्कूटीवरून तिथं पोचले की उतरताना त्यांच्या तोंडून हमखास “आई गं!” निघायचं. मग सारी हयात मेंढरांमागे चाललेले सासरे गुंडामामा शांतपणे म्हणायचे, “जावई जरा नाजूक हाय.”

नाजूक! या एका शब्दावर बिभीषणरावांनी ठरवलं, पुढच्या वेळी याच माळावरून सायकल मारत यायचं आणि हसत उतरायचं. (हसायचा सराव त्यांनी त्याच रात्री आरशासमोर सुरू केला. सायकल नंतर.)

कचेरीत यशपाल नावाचा सहकारी दर रविवारी सायकलवाल्यांच्या ग्रुपबरोबर रानोमाळ हिंडायचा. त्याने डबा खाता खाता ज्ञान दिलं.

“वाघमोडेसाहेब, माळावर जायचं तर आधी फ्रेम बघा. बाकी सगळं नंतर बदलता येतं. ॲल्युमिनियम हलकं, पण चाकाखालचा दगड थेट तुमच्या मणक्याला येऊन भेटतो. पोलाद बरं, पण जड, शिवाय गंजतं. कार्बनला दगडाचा टोला बसला की तडा जायची भीती.”

“मग?”

“टायटॅनियम. हलकं, गंजत नाही, आणि जरासं लवतं. धक्का स्वतः गिळतं, तुमच्यापर्यंत येऊ देत नाही.”

धक्का स्वतः गिळून साहेबापर्यंत न येऊ देणारी जगात एकच वस्तू आहे, ती म्हणजे कचेरीतला शिपाई सिद्धप्पा, असा बिभीषणरावांचा आजवरचा समज होता.

पुढचा महिनाभर जुळे सोलापुरातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये दुसरा विषय नव्हता. बायको महानंदा शेंगा फोडत बसलेली असली की बिभीषणराव मोबाइल तिच्या नाकासमोर धरायचे. “हे वेल्डिंग बघ! कसं माशाच्या खवल्यांसारखं एकावर एक बसलंय!”

“शेक देऊ का कमरेला?” महानंदा विचारायची.

एकदा मात्र तिने फोटो हातात घेतला. “ही वरची नळी एवढी उतरती का हो?”

“वाटेत पटकन पाय टेकवून उतरता यावं म्हणून.”

“म्हणजे ड्रेसवरबी जमेल की,” ती म्हणाली आणि पुन्हा शेंगांकडे वळली. बिभीषणरावांनी तिकडे लक्ष दिलं नाही. नवऱ्यांचं जे काही बिघडतं ते साधारण याच ठिकाणी बिघडतं.

शेवटी पुण्यातला एक कारागीर सापडला. तो माणसाच्या मापाने टायटॅनियमची फ्रेम बनवून देई. (किमतीबद्दल आपण बोलायला नको. बिभीषणरावही बोलत नाहीत.) त्याचा फॉर्म ऑनलाइन होता आणि पहिलाच प्रश्न होता, उंची किती?

इथे अठरा वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगणं भाग आहे. स्थळ जमत नव्हतं, म्हणून बिभीषणरावांनी लग्नाच्या बायोडाटात उंची ठोकून दिली होती, पाच फूट सात इंच. खरी पाच चार. तीन इंचांनी कुणाचं काय जातं, असं तेव्हा वाटलं. पण पुढे जाड टाचांचे बूट आले, फोटोत पायरीवर उभं राहणं आलं. दाराच्या चौकटीवर दर वाढदिवसाला लेकीची, सृष्टीची, उंची पेन्सिलने मांडली जायची. त्या चौकटीजवळ ते चुकूनही थांबत नसत. बायको आपल्यापेक्षा उंच दिसते हे त्यांना कळत होतं, पण तिच्या बायोडाटात पाच तीन लिहिलेलं होतं. तेव्हा तो दोष त्यांनी तिच्या अंबाड्यावर टाकला होता. तिला आपलं खोटं कळलं तर काय, ही धास्ती त्यांना अजूनही होती. नवरा उंचीत खोटं बोलला म्हटल्यावर बाकीच्या गोष्टीही ती टेप घेऊन तपासायला लागेल!

आणि फॉर्म भरायला बसली होती सृष्टी. शेजारी महानंदा.

“पप्पा, हाइट?”

बिभीषणराव खोकले. पाणी प्यायले. मग म्हणाले, “पाच सात.”

सृष्टीने वर बघितलं. महानंदाने बघितलं नाही. एक शेंग तेवढी जरा मोठ्याने फुटली.

“टेप आणू का? पायाचं माप पण मागितलंय.”

“कशाला? मला पाठ आहे!” असं म्हणून त्यांनी पायसुद्धा तीन इंच वाढवले. गुपचूप फोन करून उद्या खरं माप सांगू, असा त्यांचा बेत होता. पण दुसऱ्या दिवशी ते जेवायला बसले असताना कारागिराचाच फोन आला. हात वरणात असल्यामुळे सृष्टीने तो स्पीकरवर टाकला.

“वाघमोडेसाहेब, पाच सात नक्की ना? टायटॅनियम आहे, एकदा नळी कापली की नंतर कमी-जास्त करता येत नाही.”

समोर महानंदा भाकरी घेऊन उभी होती. “काय विचारतायत ते, सांगा की,” ती म्हणाली.

“नक्की,” बिभीषणराव म्हणाले. मग त्यांनी भाकरीसाठी ताट पुढे केलं.

फ्रेम आली. यशपालने ती दुकानात नेऊन चाकं, ब्रेक, सीट बसवून घेतली. महानंदाने सायकलला हार घातला, हँडलला लिंबू-मिरची बांधली. बिभीषणराव स्वार झाले, पण ते बिल्डिंगच्या पायरीवरून. सीट पार खाली घेऊनही पाय टेकेना. मग त्यांनी युक्ती काढली. चढायचं पायरीवरून आणि थांबायचं कुठल्यातरी कठड्याला धरून. जुळे सोलापुरात कठड्यांना तोटा नाही. माळावर कठडे नसतात, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही.

वस्तीवर बिरोबाच्या नैवेद्याचं जेवण होतं. त्या सकाळी बिभीषणराव सायकलवर आणि मागून मायलेकी स्कूटीवर अशी वरात निघाली. हायवे सोडला, माळ लागला आणि खरंच चमत्कार झाला! दगड येत होते, जात होते, कंबरेला कसलीच खबर नव्हती. बिभीषणरावांना गहिवरून आलं. समोर वस्ती दिसू लागली तसं त्यांनी चेहऱ्यावर ते सराव केलेलं हसू चढवलं.

तेवढ्यात बांधाआडून शे-सव्वाशे मेंढरं वाटेवर आली.

बिभीषणरावांनी ब्रेक दाबला आणि पाय खाली सोडला. जमीन तिथे नव्हती. म्हणजे होती, पण तीन इंच खाली होती. मग वरच्या नळीची आणि बिभीषणरावांची जी भेट झाली तिचं वर्णन चारचौघांत करता येणार नाही. सगळे धक्के गिळणाऱ्या टायटॅनियमने हा एक धक्का मात्र होता तसा पोचता केला. पुढच्या क्षणी ते मेंढरांत आडवे होते आणि एक कोकरू त्यांचं हेल्मेट चाटत होतं. चेहऱ्यावर हसू तसंच होतं, कारण ते काढायला वेळच मिळाला नव्हता.

गुंडामामांनी त्यांना उठवून उभं केलं. सायकल बघितली, जावई बघितला.

“पावणं, ही तुमच्या मापाची न्हाय.”

“पाच सातचीच आहे, मामा,” बिभीषणराव कण्हत म्हणाले.

“सायकल असंल की. तुमी कुटं हाय?” मामांनी हातातली काठी दाखवली. “पोरगी बघाय आला तवा तुमी दारातल्या खांबाला टेकून हुबा हुता. तुमी गेल्यावर मी काठी लावून बघितलं. चार बोटं कमी भरला.”

स्कूटी मागेच उभी होती. बिभीषणरावांच्या कानांत मेंढरांच्या घंटा वाजायला लागल्या.

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“कसं बोलायचं? मेंढरू घेताना दात बघत्यात, उंची न्हाय. आन् आमचं तरी कुटं खरं हुतं? पोरगी पाच सहा. एवढ्या उंच पोरीला नवरा मिळंना, म्हून आमी पाच तीन लिवलं.”

बिभीषणराव वळले. महानंदा स्कूटीवरून उतरून उभी होती, अगदी ताठ. अठरा वर्षांत तिला इतकं ताठ त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तिच्या चपट्या सपाता, फोटोत नेहमी पुढे बसणं, बाजारात खांदे पाडून चालणं हे सगळं त्यांना एकदम दिसलं. आपण टाचा चढवत होतो आणि ही पाठ वाकवत होती. त्यांना फार वाईट वाटलं.

“कंबर नाही दुखत तुझी?”

“दुखते की. पण तुमची दुखून संपेल तेव्हा माझा नंबर!”

“आणि माझं... तुला कधी कळलं?”

“अंतरपाट खाली आला तेव्हाच. पायाखाली एकावर एक दोन पाट घेऊन उभे होता की तुम्ही.”

“मग फॉर्म भरताना का नाही बोललीस?”

महानंदाने ओढणी कमरेला खोचली. “वाट बघितली, तुम्ही स्वतःहून सांगताय का. नाही सांगितलं तर सायकल मला होईल, असं ठरवलं मनात.”

तिने सायकल उचलली, टांग टाकली आणि निघाली. शाळेला असताना बापाची जुनी लोखंडी सायकल ती याच माळावरून रोज मोहोळपर्यंत मारत असे, हेही बिभीषणरावांना त्या दिवशीच समजलं. दगडांवरून ती पार वस्तीला वळसा घालून आली आणि लांबूनच ओरडली, “अहो, कंबरेला काहीच कळत नाही!”

“बसली बघा मापात,” गुंडामामा म्हणाले.

घरी आल्यावर बिभीषणरावांनी एक निश्चय केला. दुसरी फ्रेम सांगायची, आणि या वेळी छातीवर हात ठेवून खरं माप द्यायचं. सृष्टीने फॉर्म उघडला.

“पप्पा, हाइट?”

बिभीषणराव उभे राहिले. अठरा वर्षांचं ओझं उतरवत, डोळ्यांत पाणी आणून ते म्हणाले, “पाच फूट चार इंच.”

महानंदाने टेप आणली, त्यांचे बूट काढायला लावले आणि त्यांना दाराच्या चौकटीला उभं केलं.

“पाच तीन,” ती म्हणाली.

सृष्टीची या वर्षीची पेन्सिलची खूण त्यांच्या डोक्याच्या बोटभर वर होती.

“मग नवी कशाला?” सृष्टी म्हणाली. “माझी सातवीतली सायकल तुम्हाला बरोबर होईल.”

आता दर रविवारी यशपालच्या ग्रुपमध्ये सगळ्यांत पुढे टायटॅनियमवर महानंदा असते, आणि सगळ्यांत मागे गुलाबी सायकलवर, पुढच्या बास्केटात सगळ्यांच्या भाकरी नि शेंगाचटणी घेऊन, बिभीषणराव. कंबर दुखते. पण थांबलं की दोन्ही पाय जमिनीला टेकतात.