शेवटच्या अंकाला अकरा माणसं

परवाच्या रविवारी सकाळी मी स्पीकर खिडकीत ठेवायचं ठरवलं. एवढंच. बाकीचं आपोआप झालं.

त्याचं असं आहे, की अख्ख्या मेहरूणमध्ये ऑपेरा समजणारा मी एकटाच. (ऑफिसात आवक-जावक टेबलावर बसतो म्हणून काय झालं!) माझ्याकडे एक जुना इटालियन ऑपेरा आहे, भर नाट्यगृहात रेकॉर्ड केलेला. तिसऱ्या अंकात प्रेक्षकांतलं कोणीतरी खोकतं, तो खोकलासुद्धा मला पाठ आहे. पण आमची बायको रत्ना म्हणाली, "तुमचं हे किंचाळणं शेवटपर्यंत ऐकणारा एक माणूस गल्लीत दाखवा. नाहीतर स्पीकर भजनी मंडळाला!" आणि भरिताची वांगी आणायला बाजारात गेली.

शेवटचा अंक लागला. यात नायिका क्षयानं मरते. मरायला चांगली पंचवीस मिनिटं घेते आणि सगळा वेळ गाते. मी डोळे मिटले आणि दर वेळी रडतो तसा मनसोक्त रडलो.

डोळे उघडले तर घर भरलेलं! दाराशी गिरधरनाना टोपी काढून बसलेले. शेजारच्या वच्छलाबाई डोळ्यांना पदर लावून. मोजली, अकरा माणसं! वच्छलाबाईंनी तर पिठलं-भाकरीही झाकून आणली होती. माझ्या गल्लीला एवढी जाण! ऊर भरून आला. टाळ्या सुरू व्हायच्या आत मी रेकॉर्डिंग बंद केलं. (जाणकार तसंच करतात.)

"कवय व्हयनं, भाऊ?" नानांनी हळूच विचारलं.

"हे काय, आत्ताच. शेवटच्या श्वासापर्यंत गात होती, नाना!"

नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बसा, सगळ्यांना चहा टाकतो."

"आते चहा? तू पहिले रडी ले, भाऊ. मोकळा व्हय."

इतक्यात पिशवी घेऊन रत्ना दारात. वच्छलाबाईंनी असा सूर लावला, की तो आमच्या नायिकेलाही जमला नसता.

"ओ माय! हाई तं जित्ती शे!"

खिडकीतून बाईचा आक्रोश येतोय, आत मी ढसाढसा रडतोय आणि रत्ना कुठे दिसत नाही. एवढ्यावर वच्छलाबाईंनी गल्लीभर निरोप पाठवला होता, आणि दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून पिठलं केलं होतं!

रत्नाला राग येईल म्हणावं, तर आपल्यासाठी अकरा जण रडले याचंच तिला कौतुक.

मीही छाती पुढे काढली. "काही असो! अकरा माणसं शेवटपर्यंत बसली. स्पीकर घरातच राहणार!"

"ठेव भाऊ, जपी ठेव," टोपी घालत नाना म्हणाले. "रत्नाताईसाठी आमी बठ्ठा अकरा जण शेतस. तू जाशी तवय रडाले हाई स्पीकरमधलीच बाई लागी."