चिखलाचे टायर

मोहीमवीरांच्या जीपचे टायर झिजून गुळगुळीत झाले होते, आणि तेही डांबरी रस्त्यावर. घर, विमा कचेरी आणि भाजीबाजार यापलीकडे त्या जीपने फारसं जग पाहिलं नव्हतं. तरी डोंगरदऱ्यांतून जाणारी गाडीच हवी म्हणून ती घेतलेली, आणि तेव्हाच बायकोने त्यांचं हे नाव पाडलेलं. गेल्या वर्षी साडूच्या तळ्याकाठच्या घरी जाताना शेवटच्या कच्च्या वाटेवर जीप चिखलात रुतली. साडूने आपल्या जीपला दोर बांधून ती ओढून काढली. एवढं करून गप्प बसेल तर तो साडू कसला? चार नातेवाईक जमले, की त्या दोराची गोष्ट निघायचीच.

आता पुन्हा बोलावणं आलं होतं, सासूबाईंना घेऊन. या खेपेला तो चिखल साडूच्या देखत तुडवायचा, नाहीतर तो दोर जन्मभर गळ्यात, हे मोहीमवीरांनी ओळखलं. मग त्यांनी टायरांचा असा अभ्यास मांडला, की तेवढा कचेरीच्या परीक्षेचा केला असता तर एव्हाना साहेब झाले असते. बायको म्हणाली, होते तसलेच साधे घ्या. हिला काय कळतंय, असा चेहरा करून ते दुकानात गेले आणि सगळ्यांत मोठ्या, सगळ्यांत दातेरी टायरांकडे बोट दाखवलं.

"बसतील ना?"

"न बसायला काय झालं?" दुकानदार म्हणाला. असलं गिऱ्हाईक त्याच्याकडे काही रोज येत नव्हतं.

बसले की! गाडी उभी, चाकं सरळ. न बसून सांगतात कोणाला? मोहीमवीरांनी चारी टायरांना एकेक लाथ मारून पाहिली, कारण जाणकार माणसं तसंच करतात असा त्यांचा समज होता. स्टिअरिंग मात्र एकदाही पुरतं वळवून पाहिलं नाही. घरी येताना वळणावर घर्रर्र आवाज आला. बायकोने विचारल्यावर म्हणाले, "नवे आहेत. रुळतील." तोवर वळणं जरा लांबून घ्यायची, झालं.

रविवारी जीपची उंची इतकी वाढली होती, की सासूबाईंना स्वयंपाकघरातलं स्टूल लावून वर चढवावं लागलं. वर बसून त्यांनी दोन्ही हातांनी सीट घट्ट धरली. मोहीमवीरांना वाटलं, दिपल्या. तळ्याच्या वाटेवरच्या टेकडीच्या पायथ्याशी साडू बायकोला घेऊन आपल्या जीपमध्ये वाट बघत होता. पुढे व्हा, दोर आहे माझ्याकडे, असं म्हणून तो मागून निघाला.

शेवटचं वळण अगदी मागे फिरणारं होतं. मोहीमवीरांनी स्टिअरिंग गच्च फिरवलं. टायर मडगार्डच्या आत घुसला, आतलं प्लॅस्टिक फाडून त्यातच अडकला आणि जीप रस्त्यात आडवी उभी राहिली. पुढे जाईना, मागे येईना. चाकच फिरत नव्हतं, तिथे दोर तरी काय करणार? साडूच्या मागे दुधाचा टेम्पो येऊन हॉर्न वाजवू लागला. चिखलाची वाट वळणापलीकडे स्पष्ट दिसत होती, आणि नव्या टायरांना अजून चिखलाचा शिंतोडाही लागला नव्हता.

साडू उतरून चालत पुढे आला, तेव्हा मोहीमवीरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता मरेपर्यंत ही गोष्ट ऐकायची! पण साडू हसला नाही. तो टायराजवळ वाकला, त्याच्या दात्यांवरून हात फिरवला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"कुठे घेतलेत हो?" त्याने हळूच विचारलं. "याच्याहून एक साइज मोठा मिळतो का तिथे?"

मोहीमवीरांची मान ताठ झाली. त्यांनी पुन्हा एकदा टायराला लाथ मारली आणि ते सविस्तर सांगू लागले.

तोवर दोन्ही लेकींनी सासूबाईंना धरून कसंबसं खाली उतरवलं होतं. त्यांनी दोन्ही जावयांकडे नीट पाहून घेतलं.

"थोरलीच्या वेळी फसलो," त्या म्हणाल्या, "म्हणून धाकटीला चांगली चौकशी करून दिली होती गं."

मग तिघींनी चपला हातात घेतल्या आणि बोलत बोलत त्या चिखलातून घरी पोचल्या.